दावा आला म्हणजे दोष सिद्ध झाला असं नाही

पायरसीविरोधी कारवाईबद्दल गेल्या काही अंकांत आलेली पत्रं इथे एकत्र घेतली आहेत. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. गाणं, चित्रपट, पुस्तक करणाऱ्याला त्याचे पैसे मिळालेच पाहिजेत, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. आक्षेप आहे तो आरोपालाच पुरावा धरून चालणाऱ्या यंत्रणेवर, आणि चूक झाली की तिचा भुर्दंड आरोप झालेल्याच्याच माथी मारण्यावर.

प्रश्न: मी पियानो शिकवते. बाखची एक रचना स्वतः वाजवून रेकॉर्ड केली आणि यूट्यूबवर टाकली. दुसऱ्याच दिवशी एका रेकॉर्ड कंपनीचा कॉपीराइट दावा आला. बाखला जाऊन पावणेतीनशे वर्षं झाली, मग हक्क कुणाचा? व्हिडिओ काढून टाकू का?

काढू नका. ध्वनिमुद्रित संगीतात दोन वेगवेगळे हक्क असतात, एक रचनेचा आणि दुसरा मुद्रणाचा. बाखची रचना आता सगळ्यांची आहे. पण ती कुणी अलीकडे वाजवून रेकॉर्ड केली असेल तर त्या मुद्रणावर त्या वादकाचा किंवा कंपनीचा हक्क राहतो. यूट्यूबची 'कंटेंट आयडी' यंत्रणा कंपन्यांनी दिलेल्या मुद्रणांचा ठसा काढून ठेवते आणि नव्या व्हिडिओतला आवाज त्याच्याशी ताडून पाहते. दोन वादकांनी तीच रचना, त्याच पट्टीत, साधारण त्याच गतीने वाजवली तर ठसे जुळतात. पाश्चात्त्य अभिजात संगीतात तर वादक छापील स्वरांना धरूनच वाजवतो, त्यामुळे तिथे असे गोंधळ फार होतात. २०१८ मध्ये एका ब्रिटिश पियानोवादकाने घरी वाजवलेल्या बाखच्या ४७ सेकंदांवर फेसबुकवर असाच दावा लागला होता. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या एका संगीततज्ज्ञाच्या दहा तासांच्या नुसत्या खरखरीवर, म्हणजे 'व्हाइट नॉइज'वर, पाच दावे येऊन पडले.

तुमच्याकडे आलेला आहे तो दावा आहे, स्ट्राइक नाही. हा फरक पक्का लक्षात ठेवा. दाव्यामुळे त्या व्हिडिओच्या जाहिरातींचे पैसे दावेदाराकडे वळू शकतात किंवा व्हिडिओ अडवला जाऊ शकतो, पण चॅनलला धक्का लागत नाही. स्ट्राइक म्हणजे कायदेशीर मागणीवरून व्हिडिओ उतरवला गेल्यावर थेट चॅनलवर लागणारा ठपका. ९० दिवसांत तीन लागल्या तर चॅनल बंद होऊ शकतं.

यूट्यूब स्टुडिओत त्या व्हिडिओसमोर निर्बंधाची खूण दिसेल. तिथून तपशील उघडा, कुठल्या सेकंदापासून कुठल्या सेकंदापर्यंतचा भाग जुळला ते लिहून घ्या आणि 'डिस्प्यूट', म्हणजे हरकत, निवडा. कारण म्हणून 'पब्लिक डोमेन' (हक्क संपून सगळ्यांची झालेली कृती) द्या आणि खाली थोडक्यात लिहा: रचना अमुक, रचनाकाराचं निधन १७५०, वादन आणि मुद्रण माझं, मुद्रणाची तारीख ही. रागावून लिहू नका, लांबलचकही लिहू नका. मात्र त्याआधी तुम्ही कोणती छापील प्रत समोर ठेवून वाजवलंत ते पाहा. एखाद्या हयात संगीतकाराने केलेली नवी मांडणी असेल तर तिच्यावर त्याचा वेगळा हक्क असतो. तसं असेल तर 'पब्लिक डोमेन' म्हणणं चुकीचं ठरेल.

चॅनलवर जाहिराती घेत असाल तर दावा आल्यापासून पाच दिवसांच्या आत हरकत घ्या. मग पहिल्या दिवसापासूनचे पैसे कुणालाच न देता बाजूला ठेवले जातात. दावेदाराला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. तो गप्प बसला तर दावा आपोआप सुटतो. त्याने हरकत फेटाळली तर तुम्ही अपील करू शकता, आणि तिथे त्याच्या हातात सातच दिवस राहतात. त्या सात दिवसांत दावा सोडायचा की कायद्यानुसार व्हिडिओ उतरवण्याची मागणी करायची, हे त्याला ठरवावं लागतं. स्ट्राइकची जोखीम या शेवटच्या पायरीवर आहे, आधी नाही. लोक पहिल्याच पायरीवर घाबरून व्हिडिओ काढतात, ते खरं तर या गैरसमजापोटी.

यूट्यूबने स्वतः दिलेले आकडे सांगतो. २०२१ च्या पहिल्या सहामाहीत कंटेंट आयडीचे ७२ कोटींहून अधिक दावे झाले. हरकती आल्या फक्त सुमारे ३७ लाख, आणि त्यांतल्या ६० टक्के व्हिडिओ टाकणाऱ्याच्या बाजूने सुटल्या. जे भांडले नाहीत त्यांच्यात किती जणांवर अन्याय झाला, ते या आकड्यांत मोजलेलंच नाही.

प्रश्न: आम्ही चित्रपटांचं परीक्षण करतो. दीड मिनिटाचं दृश्य थांबवत थांबवत दाखवून त्यावर बोललो, तर टेकडाउन होऊन, म्हणजे व्हिडिओ उतरवला जाऊन, स्ट्राइक लागली. उत्तर द्यायच्या फॉर्ममध्ये घरचा पत्ता मागतात आणि तो समोरच्याला जातो म्हणे. भरावा का?

पत्ता जातो, हे खरं आहे. हा फॉर्म अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्यातून, म्हणजे डीएमसीएच्या कलम ५१२ मधून आलेला आहे. मोठे मंच अमेरिकी असल्यामुळे जगभर तोच चालतो. त्यातला तिरकेपणा नीट पाहण्यासारखा आहे. नोटीस पाठवणारा खोट्या साक्षीच्या शिक्षेची जोखीम घेऊन शपथेवर एवढंच सांगतो की मी हक्कधारकाच्या वतीने बोलतोय. 'हा मजकूर बेकायदा आहे' हे त्याने केवळ सद्भावनेने मानलेलं पुरतं. उलट तुम्ही 'काउंटर नोटिफिकेशन', म्हणजे त्या नोटिशीला उत्तर, देता तेव्हा मजकूर चुकून काढला गेला, असं त्याच शिक्षेच्या जोखमीवर म्हणावं लागतं. शिवाय नाव, पत्ता, फोन द्यायचा आणि अमेरिकेच्या फेडरल न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य करायचं. एखाद्यावर टीका करणाऱ्या माणसाचा पत्ता मिळवायचा हा सोपा मार्ग होतो, ही भीती काल्पनिक नाही.

तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. पहिली, नोटीस पाठवणाऱ्याला थेट लिहून ती मागे घ्यायला सांगणं. मोठ्या कंपन्यांच्या नोटिसा बऱ्याचदा ठेकेदार पाठवतात, मूळ कंपनीला त्याची गंधवार्ता नसते, त्यामुळे हे कधीकधी जमून जातं. दुसरी, ९० दिवस थांबणं. चॅनलवर ही एकटीच स्ट्राइक असेल तर ती मुदतीनंतर जाते, पण व्हिडिओ परत येत नाही. तिसरी, काउंटर नोटिफिकेशन. ते वकिलामार्फतही देता येतं, म्हणजे पत्ता वकिलाच्या कार्यालयाचा जातो. पत्त्याची भीती असेल तर एवढा खर्च जरूर करा. खोटा पत्ता टाकू नका, त्याने तुमची शपथच खोटी ठरते.

भरायच्या आधी स्वतःच्या व्हिडिओकडे निष्ठुरपणे पाहा. 'सात सेकंद चालतात', 'दहा सेकंद चालतात' असा नियम कुठल्याही कायद्यात नाही. 'हक्कभंगाचा हेतू नाही' ही खाली टाकलेली ओळ काही कामाची नाही. अमेरिकी कायदा 'फेअर यूज'साठी, म्हणजे परवानगीशिवायच्या रास्त वापरासाठी, चार गोष्टी तोलतो: वापर कशासाठी केला, मूळ कृती कोणत्या प्रकारची, किती भाग घेतला आणि त्याने मूळ कृतीच्या बाजारावर काय परिणाम झाला. तुम्ही दृश्य थांबवून चौकट, प्रकाश, संवाद यांवर बोलत असाल तर बाजू भक्कम आहे. दीड मिनिट सलग दाखवून शेवटी 'मस्त आहे' एवढंच म्हटलं असेल तर ती लंगडी आहे. गाण्याचा भाग असेल तर आवाज खाली घेऊन वर बोला. यंत्राचा ठसा जुळायचं बहुतेक कारण गाणंच असतं.

फॉर्म गेला की समोरच्याकडे यूट्यूबवर कामकाजाचे १० दिवस असतात (कायद्यात १० ते १४). तेवढ्यात त्याने न्यायालयात दावा दाखल केल्याचा पुरावा दिला नाही तर व्हिडिओ परत चढतो.

खोटी नोटीस देणाऱ्याला शिक्षा होते का? कलम ५१२ (एफ) मध्ये जाणूनबुजून खोटं सांगणाऱ्याकडून भरपाईची सोय आहे. मतदान यंत्रं बनवणाऱ्या डायबोल्ड कंपनीने तिचे फुटलेले अंतर्गत ईमेल दाबायला हा कायदा वापरला, तेव्हा २००४ मध्ये न्यायालयाने तिला दोषी धरलं आणि कंपनीला १,२५,००० डॉलर द्यावे लागले. दुसरं प्रकरण नाचणाऱ्या तान्हुल्याचं. आईने टाकलेली २९ सेकंदांची ती चित्रफीत मागे गाणं वाजतं म्हणून २००७ मध्ये उतरवली गेली. नोटीस देण्याआधी फेअर यूजचा विचार करणं बंधनकारक आहे, असा निकाल अपील न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. मात्र विचार सद्भावनेने केला असला की पुरे, मग तो चुकीचा असला तरी चालेल, अशी मोकळीकही त्याच निकालात आहे. म्हणून या कलमाचा धाक आजही फारसा नाही. आमच्या मते हे कलम कडक करणं हीच सगळ्यात तातडीची सुधारणा आहे.

प्रश्न: मुलगा जर्मनीत शिकतो. एका वकील कार्यालयाचं पत्र आलंय: तुमच्या इंटरनेट जोडणीवरून चित्रपट शेअर झाला, दहा दिवसांत शेकडो युरो भरा आणि सोबतच्या हमीपत्रावर सही करा. तो म्हणतो, मी केलेलं नाही. फ्लॅटमध्ये चौघं राहतात.

या पत्राला जर्मनीत 'आबमानुंग' म्हणतात. ते न्यायालयाचं पत्र नसतं, पण कचऱ्यात टाकण्याजोगंही नसतं. मुलाला आज तीन गोष्टी सांगा: सही करायची नाही, पैसे भरायचे नाहीत आणि त्या कार्यालयाला फोन करून खुलासा द्यायचा नाही. फोनवर सहज बोलून गेलेलं 'बहुतेक माझ्या मित्राने केलं असेल' हे वाक्य पुढे त्याच्याच विरुद्ध वापरलं जाऊ शकतं.

आधी हा पुरावा कसा तयार होतो ते समजून घ्या, कारण त्याच्या फटी तिथेच आहेत. टॉरेंट म्हणजे फाइलचे तुकडे लोकांनी थेट एकमेकांना देण्याची पद्धत. तिथे जो उतरवतो (डाउनलोड करतो) तो त्याच वेळी तुकडे इतरांना चढवतही (अपलोड करतही) असतो, आणि त्या झुंडीतल्या प्रत्येकाचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक, इतरांना दिसतो. हक्कधारकांनी नेमलेली निगराणी कंपनी झुंडीत शिरून पत्ते आणि वेळा टिपते. त्या यादीवरून जर्मन न्यायालय इंटरनेट सेवा कंपनीला ग्राहकाचं नाव द्यायला लावतं. म्हणजे साखळीच्या टोकाला सापडतो तो जोडणीचा धनी. चित्रपट कुणी उतरवला ते त्यातून कळत नाही. नुसता झुंडीच्या यादीत पत्ता दिसणं किती तकलादू असतं ते वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं. त्यांनी प्रिंटरांचे पत्ते यादीत घुसवले आणि त्या प्रिंटरांच्या नावे नोटिसा आल्या. दुसरी फट वेळेची. पत्ता वरचेवर बदलत असेल तर काही सेकंदांची चूक किंवा कालविभागाची गफलत पुरते, नोटीस दुसऱ्याच घरी जाते. तिसरी, एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असेल तर पोर्ट क्रमांकाशिवाय (त्या पत्त्यावरची एकेक जोडणी वेगळी ओळखणाऱ्या आकड्याशिवाय) ग्राहक ओळखताच येत नाही. म्हणून पत्रात तारीख, सेकंदापर्यंतची वेळ, कालविभाग आणि पोर्ट क्रमांक आहे का, ते पाहा.

आता करायचं काय? मुदत कॅलेंडरवर लिहा. ती न पाळता गप्प बसलं तर समोरचा तातडीचा मनाई हुकूम आणू शकतो आणि त्याचा खर्च मूळ मागणीपेक्षा जड जातो. सोबतचं हमीपत्र मुदतीच्या बंधनाशिवाय बांधून ठेवणारं असतं. पुढे पुन्हा तसंच घडलं तर दंड, अशी अट त्यात असते, आणि बऱ्याचदा त्यातच गुन्ह्याची कबुली व पैसे द्यायचं वचन बेमालूम मिसळलेलं असतं. गरज असेल तर वकिलाकडून सुधारित हमीपत्र करून द्यावं, ज्यात कबुली नसते. ग्राहक सल्ला केंद्रं, तिथलं नाव 'फरब्राउखरत्सेंट्राले', अशा पत्रांवर सल्ला देतात. तिथूनच सुरुवात करा.

राहणारे चौघं असणं इथे निर्णायक ठरेल. जर्मन न्यायालयं सुरुवातीला जोडणीच्या धन्यानेच केलं असं गृहीत धरतात. पण त्या वेळी आणखी कोणाकोणाला जोडणी खुली होती हे त्याने नेमकं सांगितलं तर ते गृहीतक ढळतं. म्हणून आजच लिहून ठेवा: त्या दिवशी घरात कोण होतं, वाय-फायचा पासवर्ड कुणाकुणाकडे होता, राउटर कोणता होता. राउटरची नोंदवही दिसत असेल तर तिचे फोटो काढा, काही दिवसांत ती पुसली जाते. आणि लॅपटॉप फॉरमॅट करू नका. निर्दोष माणूस घाबरून हेच करतो आणि पुरावा नष्ट केल्याचा संशय ओढवून घेतो.

खासगी माणसाच्या पहिल्याच प्रकरणात वकिलाचं शुल्क सर्वसाधारणपणे १,००० युरोच्या दावामूल्यावर (वादाची रक्कम म्हणून धरायच्या आकड्यावर) मोजायचं, अशी मर्यादा जर्मन कायद्यात २०१३ पासून आहे. नुकसानभरपाई मात्र त्यात येत नाही, म्हणून मागणीचे दोन्ही आकडे वेगळे करून पाहा. पुढे कधी न्यायालयाचा पिवळा लिफाफा आला तर हरकत नोंदवायला दोनच आठवडे असतात. तो एक दिवसही पडून राहू देऊ नका.

अमेरिकेत नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की आयपी पत्त्यामागचा ग्राहक एवढ्यावरून माणूस आरोपी ठरत नाही. पण तिथली भरपाई भयंकर असते: प्रत्येक कृतीमागे ७५० ते ३०,००० डॉलर, आणि जाणूनबुजून केलं असेल तर १,५०,००० पर्यंत. मिनेसोटातल्या एका बाईंना २४ गाण्यांसाठी एका ज्यूरीने १९ लाख २० हजार डॉलर ठोकले होते. वरच्या न्यायालयांत फिरून शेवटी २,२२,००० कायम राहिले. इतक्या मोठ्या आकड्याची धास्ती असली की निरपराध माणूसही तडजोड करून मोकळा होतो. 'प्रेंडा लॉ' या कार्यालयाच्या वकिलांनी तर स्वतःच चित्रपट टॉरेंटवर टाकून उतरवणाऱ्यांकडून तडजोडीचे पैसे उकळले. २०१९ मध्ये त्यांतल्या दोघांना १४ आणि ५ वर्षांची कैद झाली.

प्रश्न: बेकायदा संकेतस्थळावर नुसता चित्रपट पाहणं हाही गुन्हा आहे का?

देशागणिक उत्तर वेगळं. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलं की स्रोत उघडउघड बेकायदा आहे हे ठाऊक असताना स्ट्रीम पाहिला तर पाहताना यंत्रात आपोआप बनणाऱ्या तात्पुरत्या प्रतीला असलेली सवलत मिळत नाही. म्हणजे हक्कभंग होतो. भारतात २०१६ मध्ये अडवलेल्या संकेतस्थळांवर 'पाहणं हाही तीन वर्षं कैदेचा गुन्हा' अशी धमकीवजा पाटी झळकत होती. पाहणं हा गुन्हा नव्हे, परवानगीशिवाय वितरण, जाहीर प्रदर्शन, विक्री किंवा भाड्याने देणं हा गुन्हा आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने तेव्हा सांगितलं आणि पाटीचा मजकूर बदलायला लावला. टॉरेंट मात्र 'नुसतं पाहणं' कधीच नसतं, कारण तिथे तुम्ही चढवतही असता.

प्रश्न: मी स्पेनमध्ये राहतो. आमच्या मंडळाचं संकेतस्थळ फुटबॉलचे सामने चालू असताना काही जणांना उघडतच नाही. सामना संपला की ठीक. आमचा फुटबॉलशी काडीचा संबंध नाही.

तुमचं संकेतस्थळ बहुधा क्लाउडफ्लेअरच्या मागे आहे. ही कंपनी संकेतस्थळांच्या पुढे उभी राहून त्यांची रहदारी आपल्या पत्त्यांवरून नेते आणि हल्ले थोपवते. बार्सिलोनाच्या एका न्यायालयाच्या आदेशाच्या आधारे फेब्रुवारी २०२५ पासून तिथल्या इंटरनेट सेवा कंपन्या ला लीगा या स्पेनच्या फुटबॉल स्पर्धेच्या सामन्यांच्या वेळी क्लाउडफ्लेअरचे आयपी पत्ते अडवत आल्या आहेत. एकेका पत्त्यामागे शेकडो, कधी हजारो संकेतस्थळं असतात. त्यातलं एक चोरटं निघालं म्हणून अख्ख्या इमारतीचं दार बंद केल्यासारखा हा प्रकार आहे.

खात्री करायला सामन्याच्या वेळी दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोडण्यांवरून पाहा. संगणकावर एनएसलुकअप (संकेतस्थळाच्या नावामागचा आयपी पत्ता दाखवणारी आज्ञा) चालवा. पत्ता बरोबर येतोय पण जोडणी लागत नाही, तर आयपी अडवलाय. पत्ताच चुकीचा येतो किंवा 'असं संकेतस्थळ नाही' म्हणतं, तर डीएनएसवर, म्हणजे नावाचा आयपी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत, अडवलंय. तारीख, वेळ, कंपनी, आयपी हे सगळं टिपून ठेवा. ओओएनआय प्रोब हे मोफत साधन अशी चाचणी घेऊन नोंद जाहीरही करतं.

तातडीचा उपाय म्हणजे क्लाउडफ्लेअरच्या डीएनएस पानावर तुमच्या नोंदीपुढचा नारिंगी ढग दाबून करडा करणं. मग रहदारी थेट तुमच्या सर्व्हरवर येते. त्याची किंमत अशी की मूळ सर्व्हरचा पत्ता उघडा पडतो आणि हल्ल्यांपासूनचं संरक्षण जातं. म्हणून आधी सर्व्हरवर स्वतःचं टीएलएस प्रमाणपत्र (जोडणी सुरक्षित, कूटबद्ध ठेवणारं) बसवा, फायरवॉल तपासा, आणि हा बदल सामना सुरू व्हायच्या काही तास आधी करा, कारण जुनी नोंद लोकांच्या यंत्रांत थोडा वेळ रेंगाळते. कायमचा उपाय हवा असेल तर वेगळ्या आयपीवर होस्टिंग घ्या. आणि सेवा कंपनीला लेखी विचारा: कोणत्या आदेशाखाली अडवलं, क्रमांक काय, हरकत कुठे घ्यायची.

असं याआधीही घडलं आहे. ऑस्ट्रियात ऑगस्ट २०२२ मध्ये क्लाउडफ्लेअरचे ११ पत्ते अडवल्यावर असंख्य निरुपद्रवी संकेतस्थळं बंद पडली. इटलीत फेब्रुवारी २०२४ पासून 'पायरसी शील्ड' ही व्यवस्था तक्रारीनंतर ३० मिनिटांत पत्ता अडवते. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिने गूगल ड्राइव्हचंच एक डोमेन (संकेतस्थळाचं नाव) अडवलं. अर्ध्या तासात नोटीस नाही, सुनावणी नाही, दुसरी बाजू ऐकणं नाही. थेट सामन्याचं मूल्य नव्वद मिनिटांत संपतं, हा हक्कधारकांचा मुद्दा खोटा नाही. पण घाईचं कारण खरं असलं म्हणून चुकीची भरपाई कुणीच करायची नाही, हे पटण्यासारखं नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१४ मध्येच सांगून ठेवलंय की अडवणूक नेमकी हवी आणि वापरकर्त्याला न्यायालयात दाद मागता आली पाहिजे. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०२० मध्ये रशियाविरुद्ध निकाल दिला तो जवळजवळ तुमच्यासारख्याच प्रकरणात होता. भलत्याच संकेतस्थळासाठी आयपी अडवला आणि त्याच पत्त्यावरचं ई-प्रकाशनाच्या बातम्यांचं संकेतस्थळही बंद पडलं. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग झाला, असं न्यायालयाने ठरवलं. हा निकाल तुमच्या पत्रात जरूर लिहा.

प्रश्न: विकत घेतलेलं ई-पुस्तक खात्यातून नाहीसं झालं. त्याचं डिजिटल कुलूप (फाइलची प्रत काढू न देणारी व्यवस्था) तोडून स्वतःपुरती प्रत ठेवली तर काय बिघडलं?

तुम्ही दाबलेल्या बटणावर 'विकत घ्या' असलं तरी करारात तुम्हाला मिळाला तो परवाना. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून विक्रेत्याला हे स्पष्ट सांगावं लागतं. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने दोन कादंबऱ्या वाचकांच्या किंडलमधून दूरवरून पुसल्या, कारण त्या विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. पैसे परत आले, पण एका विद्यार्थ्याने काढलेली टिपणं निरुपयोगी झाली.

कुलूप तोडण्याबद्दल अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्याचं कलम १२०१ कठोर आहे. प्रत कायदेशीर असली तरी कुलूप तोडणं हाच वेगळा भंग. सवलती दर तीन वर्षांनी मागून घ्याव्या लागतात. अंध वाचकांसाठी ई-पुस्तकाचं कुलूप काढण्याची सवलतही अशीच मागून मिळवलेली आहे. भारताच्या २०१२ च्या दुरुस्तीत हक्कभंगाचा हेतू असेल तरच गुन्हा धरला आहे. आम्हाला हा मसुदा जास्त समंजस वाटतो. व्यवहारात सांगायचं तर कुलूप नसलेली प्रत देणारे प्रकाशक निवडा, फाइल त्याच दिवशी उतरवून दोन ठिकाणी ठेवा, पावती जपा आणि टिपणं पुस्तकाबाहेरच्या फाइलमध्ये लिहा.

कुलपाच्या नावाखाली काय काय शिरू शकतं, त्याचा २००५ चा नमुना पाहा. सोनी बीएमजीच्या काही सीडी संगणकात घातल्या की विंडोजमध्ये एक छुपा प्रोग्राम बसे. ज्या फाइलच्या नावाची सुरुवात डॉलर-चिन्ह, एसवायएस आणि पुन्हा डॉलर-चिन्ह अशी असेल ती त्याच्यामुळे संगणकाच्या मालकालाच दिसेनाशी होई. एका सुरक्षातज्ज्ञाने ते ३१ ऑक्टोबर २००५ ला उघड केलं. थोड्याच दिवसांत विषाणू लिहिणाऱ्यांनी आपल्या फाइलींना हीच अक्षरं लावली आणि त्या आयत्याच लपल्या. शेवटी सीडी परत घ्याव्या लागल्या. दुकानातून रीतसर सीडी विकत घेणाऱ्यालाच याचा फटका बसला. चोरून उतरवलेल्या गाण्यात हा प्रोग्राम नव्हताच.

प्रश्न: पायरसी म्हणजे चोरीच, आणि त्यात अब्जावधी बुडतात, हे खरं ना?

नुकसान होतं, पण किती ते सांगणं अवघड आहे. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने एप्रिल २०१० मध्ये सरकारदरबारी सर्रास वापरले जाणारे तीन आकडे तपासले, आणि एकाचाही मूळ आधार सापडला नाही. चोरीचं म्हणाल तर १९८५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ध्वनिमुद्रिकांच्या प्रकरणात हक्कभंग आणि चोरी यांत फरक केला. चोरीत मालकाच्या हातून वस्तूच जाते, इथे तसं होत नाही. हा फरक शब्दच्छल नाही. 'चोर' म्हटलं की सुनावणीआधीच शिक्षा योग्य वाटू लागते. फ्रान्समध्ये २००९ साली इशाऱ्यांनंतर इंटरनेट तोडायचा अधिकार एका प्रशासकीय संस्थेला दिला गेला. जून २००९ मध्ये तिथल्या संविधान परिषदेने तो भाग रद्द केला: इंटरनेट अभिव्यक्तीचं साधन आहे, ते तोडायचं तर न्यायाधीशानेच. २०१३ मध्ये जोडणी तोडण्याची शिक्षाच गेली.

प्रश्न: मी छोटा चित्रपट स्वतःच्या पैशाने केला. प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी तो सगळीकडे पसरला. दुसऱ्यांच्या स्वातंत्र्याचं ऐकायला बरं वाटतं, पण मी काय करू?

तुमचा राग अगदी रास्त आहे, आणि कायदा तुमच्यासाठीही आहे. फक्त तो नेम धरून वापरा.

आधी शोधा, कॉपी कुठे कुठे आहे. प्रत्येक पानाचा पूर्ण दुवा, तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट, आणि ते पान स्वतः उघडून पाहिल्याची नोंद ठेवा. पूर्ण चित्रपट आहे, झलक आहे की परीक्षण आहे? परीक्षणाला हात लावू नका. मग ज्या सर्व्हरवर फाइल आहे त्या कंपनीकडे नोटीस द्या. अमेरिकी कंपनी असेल तर तिचा नेमलेला प्रतिनिधी तिथल्या कॉपीराइट कार्यालयाच्या जाहीर यादीत सापडतो. नोटिशीत तुमची सही, कृतीचं नाव, प्रत्येक दुवा, तुमचा संपर्क, सद्भावनेचं विधान आणि हक्कधारक असल्याचं शपथेवरचं विधान लागतं. दुवे अपुरे दिले की नोटीस परत येते, बहुतेकांचा वेळ इथेच जातो. फाइल उतरल्यावर, किंवा कंपनी दाद देत नसेल तर, शोधयंत्राकडे जा. गूगलला दिलेल्या नोटिसा ल्युमेन या सार्वजनिक संग्रहात जातात, म्हणून घरचा पत्ता न देता व्यवसायाचा द्या. यूट्यूबवर जशीच्या तशी चढवलेली प्रत त्यांचं 'कॉपीराइट मॅच टूल' शोधून देतं. तिथे सात दिवसांची सवड देऊन उतरवण्याची मागणीही करता येते. शाळकरी पोराने हौसेने चढवलं असेल तर तेवढ्यावर भागतं, आणि त्या सवडीत त्याने व्हिडिओ काढला तर त्याला स्ट्राइकही लागत नाही.

दुव्यांच्या संख्येवर पैसे घेणाऱ्या कंपनीला काम देऊ नका. नावातले शब्द शोधून तिचा बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, नोटिसा सोडतो, आणि चित्रपटाचं नाव रोजच्या वापरातला शब्द असेल तर भलतीच पानं उडतात. २०१६ मध्ये वॉर्नर ब्रदर्सच्या वतीने गेलेल्या अशा नोटिसांत कंपनीच्या स्वतःच्याच संकेतस्थळाची पानं होती.

पुढच्या वेळी प्रदर्शनाआधी बाहेर जाणाऱ्या प्रत्येक प्रतीवर वेगळी खूण टाका, एक कोपऱ्यात दिसणारी आणि एक चित्रात मुरलेली. कुठली प्रत कुणाला, कधी दिली ते वहीत लिहा. मूळ फाइलचा शा-२५६ ठसा (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेली, तिची ओळख पटवणारी अक्षरमाला) काढून तो स्वतःलाच ईमेल करा. मग फुटलेली प्रत हाती आली की ती कुणाकडून गेली ते खुणेवरून निघतं आणि एका माणसावर कारवाई करता येते. एरवी शंभर जणांवर संशय घेत बसावं लागतं.

तुमच्या नोटिशीला काउंटर आलं तर कामकाजाच्या १० दिवसांत न्यायालयात जायची तयारी आहे का, हे नोटीस देण्याआधीच ठरवा. आणि चुकीच्या माणसाला नोटीस गेली असं लक्षात आलं तर त्याच दिवशी ती लेखी मागे घ्या. मागे घेण्याचा ईमेल मंचाला जितक्या लवकर जाईल तितक्या लवकर त्याची स्ट्राइक उतरते. प्रत त्यालाही पाठवा आणि चूक आपली होती हे त्यात स्पष्ट लिहा.